चहाची वर्गणी

घरून काम करण्याची चैन आम्हां बँकवाल्यांच्या नशिबात नाही. मास्तर वह्या घरी नेतात, वकील फायली घरी नेतात. पण आमच्या कॅशिअरनं आपलं काम पिशवीत घालून घरी नेलं, तर त्याला 'वर्क फ्रॉम होम' म्हणत नाहीत, अफरातफर म्हणतात. मार्च 2020 मध्ये सारा देश दाराला कडी लावून बसला, तेव्हाही बँका अत्यावश्यक सेवेत! आम्ही काउंटरवर मास्क लावून बसलेले, आणि समोरचा ग्राहक नोटा मोजण्याआधी बोटाला थुंकी लावता यावी म्हणून मास्क खाली ओढतोय, अशा वीरश्रीच्या वातावरणात आम्ही ते दिवस काढले.

माझ्या भाचीचं सगळंच उलटं. ती ज्या परदेशी कंपनीत आहे, तिला ऑफिसच नाही. मी पडलो बी. कॉम. मी पहिला प्रश्न विचारला, "मग भाड्याचे पैसे वाचतात, ते जातात कुठं?"

"मामा, तुला नेमकं नको तेच सुचतं. आमच्याकडे खरा प्रश्न कल्चरचा असतो."

म्हणजे असं, की माणसं दहा देशांत विखुरलेली, एकमेकांना कधी न भेटलेली. त्यांच्यात आपलेपणा कसा बांधायचा? त्यासाठी म्हणे कॅलेंडरवर वेळ ठरवून गप्पा मारतात. गिटलॅब नावाची एक मोठी कंपनी तर अशीच, सगळी घरबसली. तिची नियमांची पोथी कोणालाही वाचायला खुली आहे आणि छापली तर दोन हजारांवर पानं होतील. नव्या माणसानं सहकाऱ्यांशी कॉफीच्या गप्पा माराव्यात, हेसुद्धा त्यात लिहिलेलं! आमच्याकडे गप्पा मारू नयेत अशी सर्क्युलरं येतात, आणि ती आम्ही चहा पिता पिता मोठ्यानं वाचतो.

आम्ही वीस वर्षांत कल्चर कधी बांधलं नाही. पावसाळ्यात छताला प्लास्टिक बांधलं, तेवढंच. आमचं जे काय आहे ते चहाच्या वर्गणीवर उभं आहे. शिपाईमामा दर महिन्याला वही घेऊन फिरतात. एक गृहस्थ लोन डेस्कवर आहेत. वही दिसली की त्यांना हटकून फोन येतो. त्यांची बाकी सगळ्या शाखेला तोंडपाठ आहे.

पण एका संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाचशे रुपये कमी. कॅशिअर मुलगी नवी, रडवेली झालेली. नियमानं हा प्रश्न तिचा आणि हेडकॅशिअरचा. बाकीच्यांनी डबे उचलून लोकल गाठायला कोणाची हरकत नव्हती. कोणी गेलं नाही. वर्गणीवाले गृहस्थ कोट काढून एकेक व्हाउचर तपासत बसले, आणि साडेआठला चूक त्यांनीच शोधली. पाचशेची पावती दोनदा जमा धरली गेली होती. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही.

एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी 1977 च्या पुस्तकात दाखवलंच होतं, की टेबलांमधलं अंतर वाढलं की माणसांमधलं बोलणं झपाट्यानं घटतं. मायक्रोसॉफ्टच्या एकसष्ट हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास 2021 मध्ये छापून आला. घरून काम सुरू झाल्यावर माणसं आपापल्या कंपूतच जास्त बोलू लागली आणि दुसऱ्या खात्यांशी असलेले धागे विरळ झाले. मी विजयी मुद्रेनं हे भाचीला सांगितलं. लोन डेस्क ते कॅश काउंटर अंतर आठ पावलं. म्हणून तर ते गृहस्थ धावले!

तेवढ्यात ताई, म्हणजे भाचीची आई, आजारी पडली. अकरा दिवस हॉस्पिटल. आमच्या शाखेतून रोज कोणी ना कोणी डबा घेऊन आलं. भाचीच्या कंपनीतून फुलं आली. मनात म्हटलं, फुलांची भाजी होत नाही.

पण त्याच अकरा दिवसांत मला दुसरंही दिसलं. भाची आईच्या उशाशी होती, दिवसरात्र. तिनं एक ओळ लिहून कळवलं, आणि मनिलातल्या एका मुलीनं तिचं काम जिथं थांबलं होतं तिथून उचललं. कारण सगळं लिहून ठेवलेलं होतं. कोणाला फोन करून विचारावंही लागलं नाही. मी सख्खा भाऊ, पण रजेच्या अर्जावर सही व्हायला मला तीन दिवस लागले. मागे आमचे हेडकॅशिअर आजारी पडले, तेव्हा एक रजिस्टर कुठल्या कपाटात आहे हे विचारायला आम्ही त्यांच्या सलाइनपर्यंत पोचलो होतो.

तेव्हा अंतर हे एवढं सोपं गणित नाही, असं आता वाटतं. ज्या मुलीला भाचीनं कधी पाहिलं नाही, तीही व्हाउचर तपासायला थांबलीच की! फक्त थांबलेली दिसली नाही. आणि न दिसणाऱ्याचे आभार मानायचं राहून जातं, ही त्यांच्याकडची खरी अडचण असावी. भाचीनंही महिन्याभरानं, मी आठवण केली तेव्हा, त्या मुलीला सावकाश मोठं पत्र लिहिलं.

मी आणखी एक सूचना केली. "तुम्ही चहाची वर्गणी सुरू करा."

"मामा, अरे जो तो आपल्या घरी चहा पितो! वर्गणी कशाची?"

"चहाची नाही गं. कोणीतरी ती बुडवायला हवा ना!"

तिनं ही सूचना कंपनीला कळवली आहे. पोथीत पान वाढेल बहुतेक.