सात घरांचे अंगण

निवृत्तीनंतर मुलाकडे नव्या मुंबईत गेलो असता बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज पाहिले. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी रचलेली ही वसाहत. एका अंगणाभोवती सात घरे. अंगण सर्वांचे, मात्र भिंत कोणाचीही सामाईक नाही. त्यामुळे संसार वाढेल तसे, शेजाऱ्याला न दुखविता, घर वाढविता येते.

बँकेत गृहकर्जाच्या असंख्य प्रकरणांवर मी सह्या केल्या. क्षेत्रफळ, तारण, हप्ता तपासला; अंगणाविषयी कधी विचारले नाही.

सांगलीच्या आमच्या वाड्यात सूर्यास्तापूर्वी चौकात सर्वांची पंगत बसे. पुढे एका सामाईक भिंतीवरून आम्ही भाऊ भांडलो, चौकही चौरस फुटांनी वाटून घेतला आणि वाडा विकला.

बेलापूरहून परतल्यावर साताऱ्याच्या धाकट्या भावाला कित्येक वर्षांनी मीच फोन केला.