गाडी केव्हा बंद पडते?

बंद पडलेल्या स्कूटरभोवती चार माणसं जमली की मतंही चार होतात. कुणी म्हणतं प्लग गेला, कुणी म्हणतं कार्बोरेटरमध्ये कचरा आला, कुणाला पॉइंटवर संशय असतो आणि एखादा थेट बोअर-पिस्टन उतरवायला सांगतो. मी मात्र मालकाला आधी एकच विचारतो : गाडी केव्हा बंद पडते? सकाळी थंड असताना, की बरीच चालून तापल्यावर? सपाटीवर, की चढावर? पावसात, की एरवीही? स्कूटरची इंजिनं दुरुस्त करण्यात आणि ते काम मुलांना शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. इंजिनाचे बहुतेक बिघाड या प्रश्नांच्या उत्तरांतच सापडतात, पाना त्यानंतर लागतो, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला चेतक घेतो. 1972 साली बजाजने ती आणली आणि आकुर्डीच्या कारखान्यातून ती घराघरांत गेली. तिचं मूळ इटलीच्या व्हेस्पात. 1946 ची ती पहिली व्हेस्पा कोरादिनो दास्कानियो या विमानांच्या अभियंत्याने आखली होती. इंजिन मागच्या चाकालाच जोडलेलं, मधे साखळी नाही. उजव्या बाजूचं पॅनल काढलं की प्लग, कार्बोरेटर सगळं हाताशी येतं. 57 मिलिमीटरचा बोअर, तेवढाच स्ट्रोक, म्हणजे सुमारे 145 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, फीलर गेज आणि पॉलिश पेपर एवढ्या सामानावर घरच्या अंगणात तिचं अर्ध्याहून अधिक काम होतं.

सकाळी किक मारून मारून पाय दुखला तरी गाडी उठत नाही, ही पहिली तक्रार. इंजिनाला ठिणगी, पेट्रोल आणि दाब लागतो, आणि तपासायचंही याच क्रमाने. प्लग काढा, कॅपमध्ये बसवा, त्याचं धातूचं अंग हेडला घट्ट टेकवा आणि किक मारा. प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलची वाफ असते, म्हणून प्लग तिथून लांब धरा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळसर, मरगळलेली असेल तर प्लग बदलून पुन्हा बघा. फरक पडला नाही तर बिघाड मागे, कॅप, कॉइल किंवा ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटमध्ये आहे. प्लगचा गॅप 0.6 मिलिमीटर आणि जुन्या चेतकच्या पॉइंटचा 0.3 ते 0.5 च्या दरम्यान असायला हवा. तो नजरेने ठरवू नका, फीलर गेज लावा. सीडीआय, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत तर प्लग हेडला टेकवल्याशिवाय किक मारूच नका. वाट न मिळालेला विजेचा दाब सीडीआयला मारू शकतो.

काढलेल्या प्लगचा रंगही बोलतो. बिस्किटी-तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरट असेल तर हवा जास्त, इंजिन तापतं आहे. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही. अशा वेळी पेट्रोलचा कॉक बंद करा, चोक आत दाबून बंद करा, रेस पूर्ण ओढा आणि प्लग काढून चार किका मारून आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या. उलट, इतक्या किका मारूनही प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल पोचतच नाही. कॉक, गाळणी आणि कार्बोरेटरचं जेट या क्रमाने बघा. जेट हवेने फुंकून साफ करायचं, तारेने नाही. तारेने भोक मोठं झालं की हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं.

दाबासाठी अंगठा पुरतो. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून किक मारली की तो उडायला हवा. उडत नसेल तर भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मारा. आता दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत, हे हेड न उघडता कळलं.

दुसरी तक्रार अधिक फसवी असते : गाडी छान निघते, तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. बंद पडल्या क्षणी टाकीचं झाकण उघडा. सुस्स आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली तर झाकणातलं हवेचं बारीक भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही, म्हणून पुरवठा तुटतो. आवाज आला नाही तर गरम इंजिनावरच ठिणगी बघा. कंडेन्सर, कॉइल थंड असताना शहाण्यासारखी वागतात आणि तापल्यावर दगा देतात. गॅरेजमध्ये थंड गाडी तपासून हा दोष सापडत नाही. चार-स्ट्रोक स्कूटर गरम असताना उठत नसेल तर व्हॉल्व्हचा गॅप आवळला आहे का तेही पाहा. तो गॅप मात्र थंड इंजिनावरच मोजायचा.

खंबाटकी घाटाच्या चढावर गाडी दम तोडते, ही तिसरी. इथे आवाज ऐका. इंजिनाची रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. रेसच वाढत नाही, तर दोष इंजिनात, आणि टू-स्ट्रोकमध्ये पहिला संशय सायलेन्सरवर. ऑइल जळून काजळी धरते, धुराची वाट अरुंद होते, मग ताजं मिश्रणही पुरेसं आत येत नाही.

टू-स्ट्रोकचा एक बिघाड मला फार शिकवून गेला. या इंजिनात मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, मग वर. म्हणून क्रँकच्या दोन्ही बाजूंचे ऑइल सील हवाबंद हवेत. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर इंजिन बाहेरची हवा ओढतं. आयडलिंग स्थिर राहत नाही, रेस आपोआप चढते. क्लचच्या बाजूचा गेला तर ते गिअर ऑइल ओढतं. पांढऱ्या धुराचे लोट येतात, प्लग तेलकट होतो, गिअर ऑइल कमी होत जातं. कार्बोरेटर कितीही ट्यून केला तरी हा दोष जात नाही. काही रुपयांच्या सीलपायी लोक बोअर-पिस्टन बदलतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसात बंद पडणारी गाडी अंधारात तपासा. प्लगची वायर तडकली असेल तर किक मारताना ठिणगी बाहेर उडताना दिसते. आणि आता पेट्रोलही बघावं लागतं. आज पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा धरतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसू शकतो, जुन्या रबराच्या नळ्या फुगतात, कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी धरते. थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उजेडात धरा. थर दिसला तर टाकी रिकामी करा.

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हे प्रदूषणाचं मानक आलं आणि स्कूटरमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन बसलं. तिथे सेन्सर आणि पंपाचा दाब मोजायला यंत्र लागतं, ते काम कंपनीच्या माणसावर सोडा. बोअरिंग, क्रँकची जोडणी ही लेथवाल्याची कामं, तीही घरी करू नयेत. पण बिघाड केव्हा होतो याची नोंद ठेवणं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम पाहणं, हे प्रत्येक मालकाला जमतं. एकदम तीन गोष्टी बदलल्या की गाडी सुरू होते, पण कशामुळे झाली ते कधीच कळत नाही.

अनेक घरांच्या जिन्याखाली एखादी जुनी स्कूटर धूळ खात असते. सुट्टीत मुला-नातवंडांना घेऊन ती बाहेर काढा. शिळं पेट्रोल काढा, प्लगच्या भोकातून चार थेंब ऑइल सोडून किक हलकेच फिरवा, टू-स्ट्रोक असेल तर 5 लिटर पेट्रोलला 100 मिली ऑइलचं ताजं मिश्रण भरा आणि ब्रेक तपासा. मग प्लग आणि पाना मुलांच्या हातात द्या आणि गाडी का उठत नाही हे त्यांनाच शोधू द्या. कारणाचा माग काढायला शिकवणारी इतकी स्वस्त शाळा दुसरी मला माहीत नाही.