चहाचा ताळेबंद

आमच्या घरात चहा मोजून मिळतो. याचा संबंध कृपा करून आमच्या सांपत्तिक स्थितीशी लावू नका, हिच्या स्वभावाशीही लावू नका. आणि आम्ही पुण्यात राहतो, हे तर मुळीच कारण नाही. सकाळी दोन कप, अकराला एक आणि साडेतीनला शेवटचा. साडेतीननंतर साक्षात व्याही जरी दारात उभे राहिले, तरी मला सरबत मिळतं.

कारण माझ्या औषधांच्या डब्यात आहे. मला बायपोलर म्हणतात तो विकार आहे. पूर्वी त्याला मॅनिक डिप्रेशन म्हणत. नाव बदललं, खाक्या तोच! मन एकतर गच्चीवर, नाहीतर तळघरात. मधल्या मजल्यावर, जिथे उरलेलं सगळं जग बिऱ्हाड करून राहतं, तिथे आमची लिफ्ट थांबायलाच तयार नसे.

मी बँकेत होतो. १९९४ सालच्या मार्चअखेरीला आमच्या खातेवह्या जुळेनात, म्हणून मी रात्री जागू लागलो. जागायचं म्हणून चहा, आणि चहा झाला म्हणून जागायचं. तिसऱ्या दिवशी अकरा कप झाले होते आणि मी ताजातवाना होतो! झोप ही गरीब, कल्पनाशून्य लोकांची सवय आहे असं माझं मत झालं. चौथ्या दिवशी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलून मी हापूसच्या पन्नास पेट्या विकत घेतल्या. आंबा दुबईला पाठवायचा होता. माझ्याकडे पासपोर्टदेखील नव्हता.

त्या वर्षी आमच्या आळीने आमरस भरपूर खाल्ला. हिने बांगड्या मोडल्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

जूनमध्ये लिफ्ट तळघरात गेली. मी भिंतीकडे तोंड करून पडून असे. उशाशी चहा येई, गार होई, त्यावर साय धरे. तासाभराने ही तो कप काही न बोलता उचलून नेई आणि दुसरा आणून ठेवी. त्या महिन्यात किती कप फुकट गेले, याचा हिशेब मात्र तिने कधी काढला नाही.

मग डॉक्टर भेटले आणि लिथियम सुरू झालं. हे खरं तर एक साधं क्षार. १९४९ साली जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने ते या आजारावर उपयोगी पडतं असं प्रसिद्ध केलं. आधी त्याने ते गिनीपिगना टोचून पाहिलं होतं. ते बिचारे शांत पडून राहिले. गोळी घेऊन मी आरामखुर्चीत बसलो की मला त्यांची आठवण होते.

डॉक्टरांनी मला चहाचं मर्म बँकेच्या भाषेत समजावलं. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ‘आता झोपा’ अशी नोटीस बजावतं. चहातलं कॅफीन त्या टपालपेटीच्या तोंडावरच बसकण मारतं. नोटीस पोहोचत नाही. थकबाकी मात्र चढत राहते. म्हणजे चहा शक्ती देत नाही, उद्याची शक्ती आज उचल म्हणून देतो. शिवाय आत गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायलाच साधारण पाच तास लागतात. रात्रीच्या चहाचा मुक्काम पहाटेपर्यंत! इतरांची एक झोप बुडते. माझी बुडाली की पन्नास पेट्या येतात.

हे ऐकून मी पाडव्याला चहा सोडला. एकदम, बाणेदारपणे! दुसऱ्या दिवशी डोकं ठणकू लागलं, ते मी तपश्चर्येत जमा केलं. आठवड्याभरात हात कापायला लागले. पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेताना अर्धा सदऱ्यावर. रक्त तपासलं, तर लिथियम नेहमीच्या ०.८ वरून १.१ वर गेलेलं.

डॉक्टर म्हणाले, “गोळ्या जास्त घेतल्यात?”

“छे! उलट चहासुद्धा सोडलाय.”

त्यांनी कपाळाला हात लावला. कॅफीन मूत्रपिंडावाटे लिथियम बाहेर काढत असतं. चहा एकदम थांबला, की तेवढ्याच गोळ्यांत रक्तातलं लिथियम वाढू शकतं. “चहा वाईट नाही हो, तुमची धरसोड वाईट,” ते म्हणाले. “रोज तेवढाच, त्याच वेळी घ्या. कमी करायचा तर मला विचारून, हळूहळू.”

तेव्हापासून हे वेळापत्रक. अडचण येते ती लोकांकडे गेल्यावर. मराठीत ‘नको’ या शब्दाचा अर्थ ‘आणखी आग्रह करा’ असा आहे. “साखर आहे का?” विचारतात. नाही म्हटलं, की “मग अर्धा घ्या.” मधुमेहाला आपल्याकडे मान आहे. माझ्या आजाराचं नाव घेतलं, की यजमान बशी हातात धरून दाराकडे बघू लागतात.

पण खरा पेच घरातच येतो. गेल्या महिन्यात मुलीचं लग्न ठरलं. रात्री दहा वाजता मी याद्या करत होतो, गुणगुणत होतो. ही दारात येऊन उभी राहिली.

“अहो, आज किती कप झाले?”

मला फार लागलं. “चारच! मुलीचं लग्न ठरलंय. बापाने आनंदसुद्धा मोजून मापूनच करायचा का?”

ती काही बोलली नाही. मीही गप्प झालो. कारण तोच प्रश्न माझ्याही मनात होता. हा आनंद माझा, की चहाचा, की त्या जुन्या पाहुण्याचा? आतून तिघांची चव सारखीच लागते. फरक कळतो तो अंथरुणावर. स्वतःचा आनंद दिवा मालवला की झोपू देतो.

याद्या मिटल्या, गोळी घेतली, आडवा झालो.

सकाळी सहाला जाग आली. ही ओट्याशी आधण ठेवत होती. पाठमोरीच म्हणाली, “रात्रभर घोरत होतात.”

इतकं सुंदर प्रशस्तिपत्र मला बँकेने चौतीस वर्षांत दिलं नव्हतं. पहिला घोट घेतल्यावर लक्षात आलं: मी रात्रभर घोरलो हे हिला ठाऊक, म्हणजे ही रात्रभर जागी होती.

मी उठलो आणि दुसरा कप तिच्यासाठी गाळला.