औषध थांबवायचा निर्णय

इस्पितळाची पायरी चढायला मिळणे, हीच आपल्या लोकांसाठी एके काळी मोठी गोष्ट होती. गावाकडचा आजारी माणूस अंगारे-धुपारे करीत दिवस काढायचा आणि मुंबईत यायचा तेव्हा उशीर झालेला असायचा. म्हणून आम्हा कार्यकर्त्यांचे एकच सांगणे असते, उपचार अर्धवट सोडू नका. चारकोपमध्ये गेली पंधरा-वीस वर्षे मी नोकरी सांभाळून हेच करतो. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद, रक्त द्यायला पोरे गोळा करणे. आणि माझ्याच थोरल्या भावाने एके रात्री जेवणाचे ताट बाजूला सारून सांगितले, "आता बस. मला केमो नको."

दादा बेस्टमध्ये कंडक्टर होता. शौचातून रक्त जाऊ लागले तेव्हा मूळव्याध समजून त्याने सहा महिने मलमावर काढले. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने हे वाक्य पुन्हा वाचावे. तपासणीत मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि तो यकृताच्या दोन्ही बाजूंना पसरलेला होता. चौथी अवस्था.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर माझ्या लेखाचा कुणी भलताच अर्थ काढील. आतड्याचा कॅन्सर जवळच्या गाठींपर्यंतच गेला असेल तर ऑपरेशननंतर तीन ते सहा महिने केमो देतात. ती माणूस बरा व्हावा म्हणून असते. ती कंटाळून सोडायची नसते. यकृतात एक-दोनच डाग असतील तर तेही काही वेळा कापून काढता येतात. दादाचे तसे नव्हते. त्याची केमो आजार लांबवण्यासाठी होती, घालवण्यासाठी नव्हती. दोन्हींना नाव एकच, बाटलीही तशीच, म्हणून घरच्यांचा गोंधळ होतो.

पहिले औषध ऑक्झॅलिप्लॅटिन. हाताची बोटे बधिर, थंड पाण्याला हात लावला की झिणझिण्या. तरी त्या औषधाने दादाला चांगले वर्ष दिले, हे मी नाकारणार नाही. लेकीचा मंगल परिणय त्याने उभा राहून पार पाडला. मग स्कॅनमध्ये गाठी वाढलेल्या दिसल्या आणि दुसरे औषध सुरू झाले, आयरिनोटेकॅन. त्याने जुलाब होतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पण आमच्या चारकोपच्या घरात जुलाब होणे म्हणजे काय, हे ज्यांनी म्हाडाची ही बैठी घरे पाहिली आहेत त्यांनाच कळेल. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ नंतर जी प्लॉटची योजना झाली, त्यातले हे घर. वर लोखंडी शिडीने चढायचा माळा. आयुष्यभर माळ्यावर झोपलेला दादा खाली मोरीच्या दाराशी झोपू लागला.

मी बी. कॉम. झालेला माणूस, मला हिशेब मांडल्याशिवाय सुचत नाही. वहीत लिहून काढले. केमोचा फेरा चौदा दिवसांचा. रक्ततपासणीचा एक दिवस. सुई लावून पंप चालू, छेचाळीस तासांचा, त्यात तीन तारखा जातात. सहा दिवस पडून. उरले चार. चौथ्या फेऱ्याला पडून राहण्याचे दिवस आठ झाले आणि उरले दोन. त्या दोन दिवसांत दादा चहा पिऊन दारात बसायचा, एवढेच.

पुतण्या माझ्यावर चिडला. "काका, जगाला सांगता औषध सोडू नका. पप्पांना मात्र सोडू देताय?" त्याचे चुकले असे मला वाटत नाही. त्याला बाप हवा होता. मामांनी तर गावाहून फोन करून विचारले, पैसे कमी पडतात का? वहिनी कोपऱ्यात भाजी निवडीत होती. ती म्हणाली, "भावजी, हे आता औषध स्वतःसाठी घेत नाहीत. आपल्यासाठी घेतात." त्यानंतर घरात कुणी मोठ्याने बोलले नाही.

आम्ही दादासह डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारले. याने बरा होईल का? नाही. किती वेळ मिळेल? कदाचित दोन-तीन महिने, कदाचित काहीच नाही. बंद केली तर तुम्ही त्याला वाऱ्यावर सोडणार का? या प्रश्नावर डॉक्टर पेन खाली ठेवून नीट बोलले. केमो बंद म्हणजे उपचार बंद नव्हे. वेदना, उलटी, झोप, पोटातले पाणी, या सगळ्यावर औषध चालू राहते. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना असा आधार पहिल्यापासून दिला, तर त्यांचे दिवस बरे गेलेच, शिवाय ते जगलेही जास्त. तो अभ्यास २०१० साली छापून आला. आजार दुसरा, पण मनातली भीती कमी करायला मला तो उपयोगी पडला.

मॉर्फिनच्या नावाने आपली माणसे दचकतात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने ते मिळणेही कठीण करून ठेवले होते, २०१४ साली दुरुस्ती झाली. डॉक्टरांच्या मापाने वेदनेसाठी घेतलेल्या गोळीने माणूस नशेबाज होत नाही. बद्धकोष्ठ होते, त्याचे औषध सोबत घ्यायचे. घरी सांभाळणे झेपले नाही तर वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेले, देशातले अशा प्रकारचे पहिले, आणि तिथे पैसे घेत नाहीत. तिथे नेले म्हणजे टाकून दिले, असे समजू नये.

उपचार मागणे हा आपला हक्क आहे, हे मी भाषणात शंभरदा बोललो. नाकारणे हाही त्याच माणसाचा हक्क आहे, हे मात्र दादामुळे कायद्याच्या पुस्तकात शोधले. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार घटनेच्या कलम २१ मध्ये येतो असे मान्य केले. शुद्धीवर असलेल्या, कळत्या माणसाला नको असलेले औषध त्याच्यावर लादता येत नाही. बायको, मुलगा, भाऊ, कुणालाही. आणि कुणी उपचार चालू ठेवायचे म्हणत असेल, तर त्याच्यावर बंद करण्याचीही सक्ती नको. शेजारच्या एका ताईंनी शेवटपर्यंत केमो घेतली. त्यांना नातू जन्मलेला पाहायचा होता, आणि त्यांनी पाहिला.

दादाने पाचवा फेरा घेतला नाही. जुलाब आठवडाभराने थांबले. वजन भरले नाही, डोळे पिवळे होत चालले आहेत, ते आम्हाला दिसते. पण सुक्या बोंबलाची चटणी मागून खातो, पुतण्याशी भांडतो. त्याला चिपळूणकडच्या घराचे अंगण पाहायचे आहे. तुतारी एक्सप्रेसची खालची बर्थ मिळाली आहे. मॉर्फिनच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी वहिनीने वेगळ्या पिशवीत घातली आहे. ती पिशवी मी धरायची, असे दादाने मला बजावले आहे.