बसण्याची नोकरी

यंदा मे महिन्याच्या तोंडावर आमच्या शिक्षकखोलीत लहानसे वादळ झाले. वरून फर्मान आले होते : सुट्टीतले पहिले दहा दिवस शिक्षकांनी शाळेत हजर राहावे. मुले नसणार, तास नसणार, उत्तरपत्रिका केव्हाच तपासून झालेल्या. "मग येऊन करायचं काय?" गणिताच्या बाईंनी विचारले. "बसायचं!" चित्रकलेचे सर म्हणाले आणि सगळे हसले. मग त्या हसण्याचा हळूहळू राग झाला. कुणी कायदा काढला, कुणी संघटनेचे नाव घेतले, कुणी मुलाच्या मुंजीची तारीख सांगितली. मी तेवढी गप्प होते.

"तुम्ही काहीच का बोलत नाही?"

"मी बसण्याची नोकरी करून आलेय," मी म्हटले.

त्यांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती ती.

२०१३ साली बिनपगारी रजा घेऊन मी दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवायला गेले होते. परदेशी शिक्षक आणून सरकारी शाळांत नेमण्याची योजना त्या देशाने १९९५ साली सुरू केली. तिथे येणारे बहुतेक सगळे अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांतले. पण भारत आणि कोरिया यांच्यात एक व्यापारी करार झाला, १ जानेवारी २०१० पासून तो अमलात आला, आणि त्यात अध्यापनाची पदवी असलेल्या भारतीयांसाठीही एक दार किलकिले करून ठेवलेले होते. पोलाद आणि मोटारींच्या त्या लांबलचक यादीत कुठेतरी मीही होते म्हणायची! त्या दारातून अंग चोरून मी आत शिरले आणि गांगवॉन प्रांतातल्या डोंगराळ मुलखात, एका लहानशा गावच्या माध्यमिक शाळेत जाऊन पडले.

शाळा छान होती. मुले लाजरी, पण गोड. आठवड्याला बावीस तास शिकवायचे आणि रोज आठ तास शाळेत असायचे, असा करार. मार्चपासून डिसेंबरपर्यंत मला वेळ कसा जातो ते कळले नाही. मग हिवाळ्याची सुट्टी लागली. कोरियन भाषेत शाळेच्या सुट्टीला 'पांगहाक' म्हणतात. त्या शब्दाचा धात्वर्थ 'विद्या मोकळी सोडणे' असा आहे. मला तो फार आवडला होता. विद्येबरोबर शिक्षकही मोकळे सुटतात, अशी माझी भाबडी समजूत!

कोरियन शिक्षक सुटले. त्यांच्या कायद्यात एकेचाळिसावे कलम आहे. वर्गांना बाधा येत नसेल, तर शिक्षकाने मुख्याध्यापकांची संमती घेऊन शाळेबाहेर राहून अभ्यास करावा, अशी त्यात सोय आहे. सुट्टी लागायच्या आधी सगळ्यांनी तसे अर्ज भरले. मीही माझा अर्ज घेऊन गेले. उपमुख्याध्यापकांनी अतिशय नम्रपणे मला समजावून सांगितले, की ते कलम सरकारी सेवेतल्या शिक्षकांसाठी आहे. माझी नोकरी कराराची. करारात आठ तास लिहिले आहेत, तेव्हा आठ तास. माझी रजा मी ऑगस्टमध्येच संपवली होती. अण्णांना, माझ्या वडिलांना, तेव्हा दवाखान्यात ठेवले होते, म्हणून मी वाईला धावत आले होते. आठवडाभराचे इंग्रजीचे शिबिर आटोपल्यावर जानेवारीतले तीन आठवडे उरले. त्या तीन आठवड्यांत मी शाळेत यायचे आणि बसायचे.

या प्रकाराला तिथल्या परदेशी शिक्षकांनी एक नाव ठेवले आहे, 'डेस्क वॉर्मिंग'. टेबल ऊबवणे! कोंबडी अंडी ऊबवते. तिच्या बसण्यातून निदान पिल्ले तरी निघतात. शेजारच्या जपानमध्ये १९८७ पासून अशीच योजना आहे आणि तिथेही परदेशी शिक्षक सुट्टीत असेच बसतात. पण तिथे आजूबाजूला जपानी शिक्षकही पुष्कळ येतात, असे ऐकले. माझ्या भोवती कुणी नव्हते. 'ग्योमुशिल' म्हणजे शिक्षकखोली. तिच्यात चौदा टेबले होती आणि त्यांतल्या तेरांवर धूळ बसत होती. चौदाव्यापाशी मी!

बाहेर उणे पंधरा अंश. रिकाम्या इमारतीसाठी मोठा बंब कोण पेटवणार? माझ्या पायांशी एक विजेची शेगडी दिलेली होती. ती एक घोटा भाजायची आणि दुसरा गारठवायची. सकाळी आठ चाळीसला मी सही करी. नऊपर्यंत पेन्सिलींना टोके काढून होत. पुढच्या वर्षाचे पाठ मी पहिल्या चार दिवसांतच लिहून टाकले. मग शब्दकोश वाचला. मग खिडकीतून दिसणाऱ्या पाइनच्या झाडांची मोजदाद केली. एकतीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली, तेव्हा तीस भरली, आणि ते एक झाड कुठे गेले या विचारात दुपार निघून गेली, याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू!

काम करून माणूस थकतो, हे आपण जाणतो. पण काम नसताना कामावर असण्याचा थकवा काही निराळाच असतो. संध्याकाळी अंग दुखत नाही. मन मात्र शिळ्या भाकरीसारखे वातड होते. आपण इथे नसतो, तर जगाचे काय अडले असते, हा प्रश्न दिवसातून वीसदा समोर येऊन उभा राहतो, आणि वीसही वेळा उत्तर एकच येते.

सुट्टीत शाळेतले जेवण बंद, म्हणून मी डबा नेऊ लागले. त्या डब्याने माझी जुसानिमशी ओळख करून दिली. शाळेची डागडुजी, नळ, दिवे, बर्फ झाडणे, हे सारे पाहणारे ते साठीचे गृहस्थ. 'निम' म्हणजे आपल्याकडचे 'राव' किंवा 'साहेब' म्हणा. तिसऱ्या दिवशी ते दारात आले, माझ्या शेगडीकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि हाताने 'चला' अशी खूण केली. जिन्याखाली त्यांची खोली होती. तिच्यात रॉकेलची चूल होती, चुलीवर किटली, आणि किटलीच्या कडेने चांदीच्या कागदात गुंडाळून ठेवलेली रताळी!

रताळ्याला ते 'गोगुमा' म्हणतात. १७६३ साली जपानला निघालेल्या कोरियन राजदूताने वाटेतल्या त्सुशिमा बेटावरून हा कंद आपल्या देशात पाठवला. त्या बेटावर त्याला आईबापांना पोसणारा कंद, मातृपितृभक्तीचा कंद, अशा अर्थाचे नाव होते, आणि त्याचाच अपभ्रंश होऊन 'गोगुमा' झाला, असे सांगतात. हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी एवढेच कळले, की महाशिवरात्रीला आई उकडायची त्या रताळ्याचाच हा वास. मी डब्यातली पोळी आणि बटाट्याची भाजी पुढे केली, त्यांनी रताळे सोलून दिले. त्यांना इंग्रजी येत नव्हते, मला कोरियन जेमतेम. आम्ही दोघे चुलीकडे पाहत जेवलो. आणि तिथे, त्या जिन्याखालच्या खोलीत, मला एकाएकी अण्णा दिसले.

माझे अण्णा वाईच्या एका हायस्कुलात शिपाई होते. ही गोष्ट मी पुण्यात फारशी कुणाला सांगत नसे. "वडील शाळेत होते," एवढेच म्हणायची; ऐकणारा त्यांना मास्तर समजे आणि मी त्याला समजू देई. मे महिन्यात शाळा बंद झाली, की मास्तर गावोगाव जात. अण्णा मात्र रोज खाकी कपडे घालून, सायकल काढून शाळेत जात आणि व्हरांड्यातल्या स्टुलावर बसत. ओळीने बंद वर्ग, समोर तापलेले मैदान, टांगलेला रुळाचा तुकडा आणि स्टुलावर अण्णा. घंटा द्यायची नसे. तरी वेळ झाली, की त्यांची नजर त्या रुळाकडे जाई. दुपारी त्यांचा डबा मी नेत असे.

मी तेव्हा सातवीत होते. एके दिवशी माझ्याबरोबर एक मैत्रीण होती, नव्यानेच गावात आलेल्या डॉक्टरांची मुलगी. शाळेच्या फाटकाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "अय्या, तो बघ, बिचारा एकटाच कसा बसलाय!" मी डबा फ्रॉकच्या मागे लपवला आणि तिच्याबरोबर तशीच सरळ पुढे गेले. अण्णांनी मला पाहिले होते. हाक मात्र मारली नाही. अर्ध्या तासाने मी एकटी परत आले, तेव्हा त्यांनी डबा घेतला आणि म्हणाले, "ऊन फार हाय. उद्यापास्नं दादाला धाड." त्यानंतर डबा दादा नेऊ लागला. आमच्यात त्याविषयी कधी एक अक्षर निघाले नाही.

पुढे मी शिक्षिका झाले, तेव्हा अण्णा गावभर सांगत फिरले, "पोरीला खुर्ची मिळाली." आणि आता त्या मिळालेल्या खुर्चीवर, चाकांच्या, गरगर फिरणाऱ्या खुर्चीवर, मी तीन आठवडे बसले होते. स्टुलावरच्या अण्णांना निदान काम होते. कुणी लांबच्या खेड्यावरून शाळा सोडल्याचा दाखला मागायला येई. कारकून नसे, अण्णा त्याला माठातले पाणी देत, त्याचे नाव एका वहीत लिहून घेत आणि "सोमवारी या" म्हणून सांगत. रोपांना पाणी घालत, बाकांचे खिळे ठोकत. मी कुणाची राखण करत होते?

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा आला. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, वर्षभरात ज्याच्या तोंडून 'येस'च्या पुढे शब्द निघाला नव्हता असा. शाळेतल्या सपाता विसरला होता म्हणे. खिडकीत उजेड दिसला म्हणून तो वर डोकावला, आणि मला पाहून दचकलाच.

"टीचर, व्हाय हिअर?" त्याने विचारले.

वर्षभरात त्याने मला आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न; आणि नेमके त्याचेच उत्तर माझ्यापाशी नव्हते! "वर्किंग," मी म्हटले. त्याने माझ्या स्वच्छ टेबलाकडे पाहिले, टोके काढलेल्या पेन्सिलींकडे पाहिले आणि तो खदखदून हसला. मीही हसले. मग तो तासभर बसला. भारतात बर्फ पडतो का, तुम्ही रोज भात खाता का, वाघ पाहिला आहे का, हे सगळे त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले. त्या आठवड्यात तो आणखी दोनदा आला. मग थंडी वाढली आणि आला नाही. त्याचे इंग्रजी सुधारले, असे मी म्हणणार नाही. शाळेत दिवा दिसला म्हणून एक मुलगा आत आला, एवढेच घडले.

तेवढ्यावरून तो नियम शहाणपणाचा ठरतो, असे मला आजही वाटत नाही. ज्याला काम नाही त्याला बसवून ठेवणे हा माणसाच्या दिवसांचा अपव्ययच आहे. आणि सगळ्यांना घरी पाठवून एकालाच बसवणे यात तर अन्यायही आहे. यंदाच्या फर्मानाविरुद्ध आमच्या शिक्षकांनी अर्ज केला, त्यावर मीही सही केली. पण बसणाऱ्याकडे पाहून मी आता 'बिचारा' म्हणत नाही.

कोरियात संध्याकाळी चार चाळीसला मी कोट चढवून निघाले, की जुसानिम जिन्यापाशी उभे असत. जरासे वाकून ते रोज एकच वाक्य म्हणत, "सुगोहाश्यॉस्सुम्निदा." म्हणजे, 'आपण कष्ट घेतलेत.' कामावरून निघणाऱ्याला तिथे असे म्हणण्याची रीत आहे. पहिल्या दिवशी मी शरमेने लाल झाले. कसले कष्ट? एकतीस झाडे मोजल्याचे? पुढे पुढे मात्र त्या वाक्याची मी वाट पाहू लागले. माझा रिकामा दिवस कुणीतरी हातात घेऊन, त्याला वजन आहे असे मानून, पुन्हा माझ्या हाती देत होते.

शेवटच्या शुक्रवारी खोलीवर आल्यावर मी वाईला फोन लावला. आमच्याकडे काळोख पडला होता; तिकडे दुपारचे तीन वाजले असतील. अण्णांनीच उचलला.

"सुट्टी हाय न्हवं तुला? मग साळंत कशापायी जातीस?"

"बसायला जाते, अण्णा. नुसतं बसायचं असतं."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पानी-बिनी इचारतं का कुनी?"

"विचारतात. रताळीसुद्धा देतात भाजून."

"मग बरं हाय."

मला जे म्हणायचे होते, ते मराठीत कसे म्हणायचे तेच सुचेना. आपल्याकडे तशी रीत नाही. शेवटी मी डोळे मिटले आणि म्हणून टाकले, "अण्णा, तुम्ही एवढी वर्षं प्रत्येक मे महिन्यात त्या व्हरांड्यात बसलात. फार कष्ट घेतलेत तुम्ही."

तिकडे बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. मला वाटले, फोन तुटला.

"कष्ट कसलं त्यात?" अण्णा म्हणाले. "मी आपला बसूनच हुतो की." आणि घसा खाकरून म्हणाले, "डबा तेवढा येळेवर येत हुता. तू आनायचीस तवासुदिक."