नाटकाचे कॉलेज

"माय, नाटकनं बी कॉलेज ऱ्हास का वं?"

आबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मला हसू आले. पण नंतर वाटले, त्यांनी तरी काय विचारावे? ते स्वतः शाळेची पायरी चढलेले नाहीत. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली.

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते खानदेशी तमाशाच्या एका फडात नाच्या होते. त्यांच्या फडात बाई नव्हती. लुगडे नेसून, पायांत चाळ बांधून आबाच गवळणीतली मावशी होत आणि कृष्णाची भर सभेत फजिती करीत. आमचे प्रकाशा तापी-गोमाईच्या संगमावरचे क्षेत्र. लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. सकाळी संगमावर स्नान करून केदारेश्वराला पाणी घालणारी माणसेच रात्री आबांच्या मावशीला पोट धरधरून हसत. त्यात देवाचा अपमान झाला, असे त्यांना वाटत नसे. मात्र वडिलांना शाळेत 'नाच्याचा पोरगा' म्हणून चिडवत. त्यांनी सातवीतच शाळा सोडली आणि पुढे घरात चाळांचे नावही निघेनासे झाले.

मी प्रथम वर्षाला असताना 'युवारंग'साठी विडंबननाट्यात काम केले. तालीम संपल्यावर आमचे सर म्हणाले, "पुढे नाटकाचेच शिक्षण का घेत नाहीस? पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे." मी त्या दिवसापासून मिळेल ती माहिती वाचू लागले.

हे केंद्र 1987 साली सुरू झाले. संगीत, नृत्य आणि नाट्य या तिन्ही कला तिथे गुरुकुल पद्धतीने शिकवल्या जातात आणि त्यांची विद्यापीठाची पदवी मिळते. 1996 ते 2009 या काळात नाटककार सतीश आळेकर केंद्राचे प्रमुख होते. त्याआधी ते पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागात नोकरीला होते! त्यांचे 1974 चे 'महानिर्वाण' मी ग्रंथालयातून आणून वाचले. मेलेला माणूस कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्याच मरणाची कथा सांगतो, आणि आपण अंत्यविधीच्या प्रसंगीही हसतो. वाचताना मला आबांची मावशी आठवली. ज्याला आमच्या घरात लाज म्हणून झाकून ठेवले, त्याच मातीतले काहीतरी विद्यापीठात शिकवले जाते, हे कळल्यावर मला किती बळ आले म्हणून सांगू!

पण मोबाईलवर केंद्राचे नाव शोधले की दुसरीही एक बातमी पुढे येई. ती वडिलांनी पाहिली. 2 फेब्रुवारी 2024 रोजी केंद्रात 'जब वी मेट' नावाचे विद्यार्थ्यांचे नाटक चालू होते. रामलीलेत काम करणाऱ्या नटांचे पडद्यामागचे बोलणे त्यात होते. रामायणातल्या पात्रांचा अवमान झाला असे म्हणून एका विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी प्रयोग बंद पाडला. धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा नोंदला गेला आणि विभागप्रमुखांसह पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. 3 तारखेला त्यांना जामीन मिळाला. त्याच दिवशी केंद्राच्या आवारात तोडफोडही झाली.

वडील फार बोलत नाहीत. त्या रात्री जेवताना एवढेच म्हणाले, "आपला जामीन कोन देई?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ज्यांच्या घरी वकील, प्राध्यापक, ओळखीपाळखी आहेत, त्यांच्या मुलालाही अशी एक रात्र जडच जात असेल. दुसऱ्याच्या शेतात पाणी भरणाऱ्या माणसाच्या मुलीवर ती आली, तर शिक्षण तिथेच संपायचे.

मी तो प्रयोग पाहिलेला नाही. तो चांगला होता की वाईट, हे मी कशी सांगणार? ज्यांना तो लागला त्यांचे दुःख खोटे, असेही मी म्हणणार नाही. मी आबांना विचारले, "तुमच्या मावशीवर कधी कुणी रागावले नाही?" आबा म्हणाले, "रागावले की!" एका गावी काही मंडळी गवळण चालू असताना उठून उभी राहिली. फडाचा सरदार हात जोडून पुढे आला आणि कोणते बोलणे लागले ते त्याने विचारले. तेवढे गाळले, आणि वग पहाटेपर्यंत रंगला. रागावलेली मंडळीही शेवटपर्यंत बसून होती.

आबांचा सरदार कोणत्या विद्यापीठात शिकला होता? पण नाटकाचे भांडण नाटकापुढेच मिटवायचे, हे त्याला ठाऊक होते. मग शिकण्यासाठीच बांधलेल्या जागेत चूक करण्याची, ती ऐकून घेण्याची आणि सुधारण्याची सोय नसेल, तर ती आम्ही कुठे शोधावी? प्रयोगशाळेत परीक्षानळी फुटली तर सर रागावतात, पुन्हा प्रयोग करायला लावतात. रंगमंचावरचा विद्यार्थीही शिकतच असतो. नाटक आवडले नाही तर चर्चा करा, गुण कापा, विरोधात लिहा. पण शिकणाऱ्याच्या मागे त्याची संस्था उभी राहिली पाहिजे. आमच्यासारख्यांच्या मागे दुसरे कोण असते?

बी.ए. झाल्यावर मी अर्ज करणार आहे. वडिलांनी अजून होकार दिलेला नाही, नकारही नाही, "पहिले बी.ए. पुरं कर," एवढेच ते म्हणाले आहेत. आबा मात्र संध्याकाळी अंगणात मला मावशीची चाल शिकवतात. गुडघे दुखतात म्हणून बाजेवर बसूनच हाताने ताल धरतात आणि माझे पाऊल चुकले की ओरडतात. परवा वडील शेतातून आले आणि दारातच थांबून पाहत राहिले. मी मान वळवून पाहिले, तेव्हा ते हसत होते. मला पाहताच घाईघाईने हातपाय धुवायला निघून गेले.