केराची सुपली

पालकांच्या व्हॉट्सॲप गटात त्या रात्री एकशे चौदा मेसेज आले. कारण एवढंच, की पाचवीच्या मुलांना आठवड्यातून एकदा, आळीपाळीने, आपलाच वर्ग झाडायला सांगितला होता. ‘फी काय झाडलोट शिकवायला भरतो?’, ‘धुळीची ॲलर्जी आहे हो आमच्याला’, ‘उद्या संडास धुवायला लावतील!’ प्रस्तुत लेखकानेही निषेधाच्या पत्राखाली नाव घातलं. का घातलं, ते त्याला अजून नीट सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी शाळेने माफी मागितली आणि केराची सुपली पुन्हा मावशींच्या हाती गेली.

हा गृहस्थ साताऱ्याकडचा, ‘कमवा आणि शिका’तून शिकलेला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. तिकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण नुसत्या कष्टांचं काय कौतुक! सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसत आणि कामाची पाळी सगळ्यांना येई, हे मोठं होतं.

अर्थात हे आजचं शहाणपण. तेव्हा पहाटे नारळांना आळी करताना तळहाताला फोड आले, की तो मनात म्हणायचा, आपल्या पोराला हे कधी करायला लावायचं नाही. शब्द त्याने इतका पाळला, की दहा वर्षांचा मुलगा जेवल्यावर ताट तिथेच सोडून उठायचा.

खरी बोच वेगळीच आहे. घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंची मुलगीही पाचवीतच. आईला ताप आला की ती शाळा बुडवून यायची, स्टुलावर चढून कुकर घासायची. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने घरच्या कामधंद्यात मदतीची मुभा ठेवली, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. आणि या घरात? ‘फार कष्टाळू हो पोर,’ म्हणत तिच्या हातावर दहाची नोट ठेवली जायची. आपल्या लेकराने पंधरा मिनिटं वर्ग झाडला तर अन्याय, तिने परक्या घरची भांडी घासली तर संस्कार! निषेधाचं पत्र लिहिणाऱ्यांत हे एकालाही सुचलं नाही, लेखकालाही नाही.

शाळाही काही धुतल्या तांदळासारख्या नसतात. झाडू ठरावीक मुलांच्याच हाती, किंवा मुलींच्याच, असं दिसलं तर पालकांनी जरूर भांडावं. पाळीचा तक्ता भिंतीवर लावायला सांगावं. पण तक्त्यात आपल्या मुलाचं नाव आलं म्हणून भांडू नये.

ताईंना आता आजारपणाची भरपगारी रजा आहे. त्या दिवशी भांडी बापलेक घासतात. पहिल्याच दिवशी दोन कप फुटले. मुलगा कुरकुरतो, आणि बाप त्याहून जास्त.